हजेरीपटाबाहेरचे वादक

कामगार चळवळीत अर्धी हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मजुरीचे भांडण पुढचे. आधी हजेरीपटावर नाव लागते. संगीताच्या धंद्याचा इतिहासही आम्ही याच नजरेने पाहतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतकार व संगीतकार यांना कर्ते मानले. गायक-वादकांना त्यात जागा नव्हती. साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकालाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफींचे म्हणणे, ठरलेले मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. आमचे मत लताबाईंच्या बाजूचे. मजुरी एकदाच मिळते, तबकडी मात्र पुन्हा पुन्हा विकली जाते.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, निर्माताच होय. गायकाला कायद्यात काहीच नाही, ही खंत न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नोंदवली. त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर दुमदुमले. हे गृहस्थ खरेच होते: गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू. मुंबईच्या चित्रसंगीताला वाद्यमेळ देणाऱ्या त्यांच्यासारख्या गोवेकर वादकांची नावे तबकड्यांवर मात्र क्वचितच छापली गेली.

१९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. कागद तर झाला!

आज खारघरहून लोकलने मुंबईस जाणारा प्रवासी मोबाइलवर गाणी ऐकतो. वर्गणीचे व जाहिरातींचे पैसे एका रांजणात जमतात, आणि गाणी जितकी वाजतात त्या प्रमाणात त्यांचा मोठा हिस्सा ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत १००० वेळाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यात वाटाच ठेवलेला नाही. मोबाइलवर गायकाचे नाव दिसते; ढोलकीवाल्याचे, बासरीवाल्याचे बहुधा नाही. शिफ्टचे पैसे घेऊन तो घरी गेला. मग हक्क सांगावा कोणत्या पुराव्यावर?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य लेखी नोंदवले जावे, आणि ती नोंद गाण्याबरोबर सर्वत्र जावी. हजेरी लागली की हिशेब मागता येतो. गिरणीत हे असेच घडले. स्टुडिओतही घडेल, मात्र वादकांनी एकजुटीने मागितले तरच.