डेलेन विमानतळ : महायुद्धाच्या खुणा

नेदरलँड्समधील आर्नहेम शहराच्या उत्तरेस, वेलुवे या माळरान व जंगलाच्या प्रदेशात डेलेन हा लष्करी विमानतळ आहे. मे १९४० मध्ये जर्मनीने हा देश व्यापल्यानंतर लुफ्तवाफे या जर्मन वायुदलाने येथे मोठा तळ उभारला. ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने रात्री जर्मनीकडे जात, ती बहुधा याच देशावरून. त्यामुळे त्यांना रोखणाऱ्या लढाऊ विमानांसाठी डेलेन मोक्याचे ठरले. बॉम्बच्या वाहतुकीसाठी वोल्फहेझे रेल्वे स्थानकापासून तळापर्यंत स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला. शत्रूच्या टेहळणी विमानांना संशय येऊ नये म्हणून अनेक इमारतींना डच शेतघरांचे रूप देण्यात आले. काही ठिकाणी खिडक्यादेखील नुसत्या रंगवलेल्या होत्या.

जवळच स्खार्सबर्गन येथे 'डिओजेनिस' हे प्रचंड काँक्रीटचे नियंत्रण केंद्र बांधण्यात आले. पिंपात राहणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे नाव त्यास का दिले असावे, हे त्याच्या जाड, बंदिस्त भिंती पाहिल्यावर ध्यानात येते. आतील भव्य काचेच्या नकाशावर वायुदलाच्या महिला साहाय्यक प्रकाशाचे ठिपके टाकून विमानांच्या हालचाली दाखवीत असत.

१५ ऑगस्ट व ३ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश वायुदलाने डेलेनवर जबर बॉम्बहल्ले केले. त्यानंतर जर्मनांनी तळ बहुतांशी रिकामा केला. तरीही येथील विमानवेधी तोफांचा धाक ब्रिटिश नियोजनकारांच्या मनातून गेला नाही. आर्नहेमच्या पुलाजवळ सैनिक उतरवल्यास परतणारी विमाने या तोफांच्या टप्प्यात येतील, अशी भीती होती. अखेर १७ सप्टेंबर रोजी 'मार्केट गार्डन' मोहिमेत छत्रीधारी सैनिकांना वोल्फहेझेच्या परिसरात, पुलापासून सुमारे १० किलोमीटरवर उतरवण्यात आले. पराभवाची कारणे अनेक असली तरी हे अंतर त्यांतील मोठे कारण मानले जाते. पुलाच्या उत्तर टोकापर्यंत लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांच्या नेतृत्वाखालील लहानशी तुकडीच पोहोचू शकली. ऱ्हाइन नदीच्या उत्तरेस लढलेल्या सुमारे १० हजार सैनिकांपैकी अडीच हजारांहूनही कमी सैनिक माघारी आले.

त्याच महिन्यात जर्मनांनी डिओजेनिसचा अंतर्भाग स्फोटाने उद्ध्वस्त केला; भिंती मात्र शाबूत राहिल्या. युद्धानंतर तेथे सरकारी दप्तरखान्याचे कागद ठेवण्यात आले. विमानतळ डच वायुदलाकडे गेला. तळालगतच्या एका जुन्या जर्मन इमारतीत संग्रहालय आहे, तर शेतघरांचे सोंग घेतलेल्या 'कोनिंग्सवेग' छावणीत कलावंतांना जागा मिळाली आहे.