श्रीरामपूरची आग आणि एका कोशाचा अंत

हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीच्या नगरात ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी मिशनच्या छापखान्याला आग लागली. विल्यम वॉर्ड यांनी दारेखिडक्या बंद करून ती कोंडण्याचा प्रयत्न केला. परंतु कोणीतरी खिडकी उघडताच ज्वाळा भडकल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. मनुष्यहानी झाली नाही. विल्यम केरी त्या रात्री कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी त्यांस ही वार्ता सांगितली.

एका इमारतीपुरत्या या आगीचे भाषाभ्यासाच्या इतिहासातील महत्त्व जाणण्यासाठी तिच्यातील हानीचे तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत.

पहिली हानी खिळ्यांची. अनेक पौर्वात्य लिप्यांचे खिळे वितळून गेले. तथापि पोलादी पंच आणि मातृका ढिगाऱ्यात सुरक्षित सापडल्या, आणि वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे पाडता आले. पंचानन कर्मकार यांच्या परंपरेतील कारागिरांचे हे कौशल्य होते. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. केरी यांचा मराठी कोश १८१० मध्येच प्रसिद्ध झालेला होता; आगीनंतर १८१४ मध्ये वैजनाथ शर्मा यांची ‘सिंहासनबत्तिशी’ मोडी लिपीत छापली गेली.

दुसरी हानी व्याकरणांच्या हस्तलिखितांची. पंजाबी व तेलुगू व्याकरणे पुन्हा सिद्ध करून अनुक्रमे १८१२ व १८१४ मध्ये प्रकाशित झाली. व्याकरण म्हणजे नियमांची व्यवस्था. ती ज्याने एकदा मांडली, त्याला ती पुन्हा मांडणे कष्टाचे असले तरी अशक्य नसते.

तिसरी हानी मात्र भरून निघाली नाही. संस्कृत शब्दांपुढे अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द देणाऱ्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित या आगीत सापडले. केरी यांनी तो कोश पुढे पूर्ण केला नाही. कोश हा नोंदींचा संचय असतो. निरनिराळ्या भाषांच्या पंडितांकडून वर्षानुवर्षे जमविलेल्या नोंदी स्मरणातून पुन्हा उभ्या करता येत नाहीत.

सारांश, खिळ्यांना मातृकांचा आधार होता, व्याकरणांना कर्त्याच्या बुद्धीचा. कोशाला दुसऱ्या प्रतीचाही नव्हता. आपण भाषाभ्यासाचा इतिहास बहुधा छापील ग्रंथांवरून लिहितो. त्या इतिहासात छपाईपर्यंत न पोहोचलेल्या श्रमांनाही स्थान देणे आवश्यक आहे, याचे स्मरण ही आग करून देते.