ठासणीच्या बंदुकीचा नेम

शस्त्रांचा इतिहास म्हटला की लढाया व किल्ले यांचेच वर्णन करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु हरणाच्या मागावर रान तुडविणाऱ्या शिकाऱ्याने आपल्या बंदुकीचा बार कसा ठरविला व नेम कसा बसविला, याची नोंद फारच थोड्यांनी केली. कोकणात काही जुन्या घरांतून ठासणीची बंदूक अद्याप परवान्यावर जपलेली आढळते. तिच्यामागची विद्या मात्र विस्मृतीत चालली आहे. म्हणून तिचा अल्प परामर्श ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाचा उत्तम पुरावा अबुल फज्लच्या ‘आईने अकबरी’त सापडतो. अकबराच्या कारखान्यात नळी तयार झाली की प्रथम गोळीचे वजन ठरे. लांब बंदुकीस ते २५ टांकांहून व लहानीस १५ टांकांहून अधिक नसे. मग नळी जुन्या दस्त्यावर चढवून, तिचा तिसरा हिस्सा भरून बार काढीत. पुढील परीक्षेत गोळी वाकडी गेली तर नळी तापवून, आत गज घालून सरळ करीत. ‘संग्राम’ या आपल्या आवडत्या बंदुकीने अकबराने १०१९ जनावरे मारल्याची नोंदही तेथे आहे. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमलावर गोळी झाडली ती याच बंदुकीने.

बादशहाची असो वा खेडुताची, बंदुकीचा धर्म एकच. तोंडाकडून मोजून दारू ओतावयाची, तिच्यावर बोळा व गोळी घालून गजाने ठासावयाचे. दारू कमी पडली तर गोळी खाली उतरते. बेसुमार झाली तर खांद्यास धक्का बसतो, गोळी भरकटते व नळी फुटण्याचे भय असते. म्हणून जाणता शिकारी बंदूक टेकवून एकाच खुणेवर, एकाच मापाचे तीन-चार बार काढी आणि गोळ्यांची भोके जवळजवळ पडेपर्यंत माप थोडथोडे बदली. दर बारानंतर नळीतील काजळी पुसावी लागे. अन्यथा पुढचा बार निराळाच जाई. सोऱ्याच्या दारूस ओल लागली तर सारेच व्यर्थ.

माप ठरल्यावरच तो माशीला हात लावी. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने किंचित घासावयाची. उजवीकडे जात असेल तर माशीही उजवीकडेच सरकवावयाची. आधी बार, मग माशी, हा क्रम ज्याने उलटविला त्याचे श्रम वाया जात. शिवाय एका बंदुकीचे माप दुसरीस लागू पडेलच असे नाही.

तोड्याच्या बंदुकीत चाप ओढल्यावर रंजक पेटून आग आत पोहोचेपर्यंत क्षणभर जाई. तेवढा वेळ नेम स्थिर ठेवावा लागे. ही अडचण दूर करणारी युक्ती स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी काढली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. तीतूनच पुढे टोपीची बंदूक आली. तरीही बार एकच राहिला. तो चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत हरीण दिसेनासे होई. अर्धवट लागला तर मुके जनावर रानात तळमळत मरे. मापाची एवढी काटेकोर चिकित्सा होई ती याकरिता.

१८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आवर घातला व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपविली. हे योग्यच झाले. भेकर, सांबर व चितळ यांच्यावर आता नेम धरावयाचा नाही. परंतु हरणाबरोबर विद्येचाही विसर पडावा, हे इष्ट नव्हे. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना दारूचे माप, गोळीचा साचा, माशीची खूण यांची माहिती असेल, त्यांनी ती आजच लिहून ठेवावी. लोखंड परवान्यावर टिकते. हातातली जाण मात्र माणसाबरोबर जाते.