लाख रुपयांची प्रश्नपत्रिका

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो, यंत्रशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नाही. तरी वर्ध्यात राहून या शास्त्राची एक प्रश्नपत्रिका मला पाठ झाली आहे. ती 1929 साली निघाली. गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. स्पर्धा परदेशी लोकांनाही खुली होती.

अटी ऐका. चरखा हलका हवा, झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा. बाईला तो आठ तास फार न थकता चालवता यावा. तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघावं. किंमत 150 रुपयांच्या आत, आयुष्य किमान वीस वर्षं.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. का? सूत जास्त हवं तर चात्या वाढवाव्या लागतात. चात्या वाढल्या की घर्षण वाढतं, आणि त्याचा सगळा भार एकाच शरीरावर येतो. निरोगी माणूस पायडल मारून तासन्‌तास देऊ शकतो ती शक्ती साधारण 75 वॅट, म्हणजे जुन्या एका बल्बापुरती. हाताची त्याहून कमी.

पण असा प्रश्न विचारण्याची रीत वर्ध्यात रुजली. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी काम उभं केलं. सल्लागारांत सी. व्ही. रामन, जगदीशचंद्र बोस यांची नावं होती. झवेरभाई पटेलांनी तेलाची ‘वर्धा घाणी’ सुधारली. खाद्यतेलावर जळणारा ‘मगनदीप’ही इथलाच. 1938 साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं.

पुढे याच मगनवाडीत आयआयटी दिल्लीच्या मदतीनं महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी राहिली. तिथं सौर चरख्यावर काम झालं. सूर्यानं बाईच्या खांद्यावरचा भार उचलला खरा; पण किमतीची आणि दुरुस्तीची अट सुटली असं कुणी म्हणू नये.

आज सेवाग्रामलाच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाला मुलांना प्रोजेक्ट करावा लागतो. भार किती, ताण किती, हे ती चोख मांडतात. एखाद्या वर्षी त्यांच्यापुढे ही जुनी प्रश्नपत्रिका ठेवावी. तिच्यात बाईचा थकवा हासुद्धा हिशेबात धरायचा भार आहे. आणि उत्तर तपासायला प्राध्यापकांच्या शेजारी एखादी कातणारी बाई बसवावी.