केरांतील सोनें

सोनाराच्या दुकानांतील केर महाराष्ट्रांत कधीं वाया जात नसे. कानशीखालीं झडलेला कण, मुशीला चिकटलेला अंश, भट्टीच्या राखेंत हरवलेली कणी, हें सारें त्या केरांत असे. झारेकरी नांवाचे लोक तो विकत घेत, पाण्यांत वारंवार खळबळून हलकी माती वाहूं देत, आणि तळच्या जड गाळांतून सोनें-रुपें वेगळें करीत. या धंद्यांत पाऱ्याचाही उपयोग होई. पारा सोन्याला धरून ठेवी. मग तो तापवून उडवीत. त्या विषारी वाफेचें मोल मात्र कोणाच्याच हिशेबांत नसे.

याच विद्येची दुसरी शाखा सांगली जिल्ह्यांत वाढली. विटें, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतील अनेक शेतकरी कुटुंबांनीं गलाईचा व्यवसाय पत्करला. गलाई म्हणजे जुनें सोनें वितळवून शुद्ध करणें. सोन्यांत पुरेसें रुपें मिसळून तो गोळा नत्राम्लांत टाकला, कीं रुपें व तांबें विरघळतात. सोनें मात्र अढळ राहतें. एवढ्या शिदोरीवर हीं माणसें केरळापासून उत्तर प्रदेशापर्यंत पोंचलीं आणि परमुलखांतील सराफ-पेठांत त्यांनीं विश्वास संपादन केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोन्याला नवें घर मिळालें. संगणकाच्या आंतील सांधे गंजले, तर विजेचा सूक्ष्म संदेश अडतो. सोनें गंजत नाहीं, म्हणून त्या सांध्यांवर त्याचा मुलामा देतात. पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें हडपसरनजीक मगरपट्ट्यांत संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. द्राक्षांच्या व साखरेच्या संशोधनसंस्थांमुळें प्रसिद्ध असलेलें जवळचें मांजरी बुद्रुक गांव २०२१ सालीं पुणें महापालिकेच्या हद्दींत आलें. जेथें यंत्रें वापरलीं जातात, तेथेंच तीं जुनीं होतात. आणि तीं भंगाराच्या दुकानीं पोंचलीं, कीं झारेकऱ्याची आशा एखाद्या नवख्याच्या मनांत जागी होते.

आशेला आधार नाहीं असें नव्हे. खाणींतील एक टन दगडांत बहुधा कांहीं ग्रॅमच सोनें असतें. एक टन मदरबोर्डांत तें शंभर ग्रॅमांहून अधिकही भरतें. परंतु एक टन म्हणजे हजार-दोन हजार मदरबोर्ड. आणि मुलाम्याची जाडी केंसाच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याइतकी! टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठीं जपाननें २०१७ ते २०१९ या काळांत फोन व इतर लहान यंत्रें मिळून सुमारें ७९,००० टन माल गोळा केला. त्यांतून सोनें निघालें अवघें ३२ किलो.

नवख्याचा हिशेब येथें चुकतो, आणि नुकसान केवळ पैशाचें राहत नाहीं. गलाईवाल्यापुढें मुख्यतः तीन धातु असतात. मदरबोर्डांत त्यांखेरीज शिसें, कथील व ब्रोमिनयुक्त प्लास्टिक असतें. तें जाळलें, कीं विषारी धूर निघतो. नत्राम्ल तांब्यावर पडतांच तांबूस वायु उठतो. तो फुप्फुसांत गेला, तर माणूस प्रथम बरा दिसतो आणि कांहीं तासांनीं त्याला श्वास घेणें अवघड होतें. उरलेलें आम्ल गटारांत ओतलें, तर तें शेवटीं मांजरीजवळून वाहणाऱ्या मुळा-मुठेंत मिळावयाचें.

या हानीची दखल कायद्यानें उशिरां घेतली. इ-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ सालीं झाले. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलांत आले. त्यांप्रमाणें हें काम नोंदणी झालेल्या कारखान्यांनींच करावयाचें आहे. तेथें वायु धरून ठेवण्याची व आम्ल निर्विष करण्याची सोय असावी लागते. भंगार वेंचणाऱ्या हातांची दखल पुण्यांत त्यापूर्वींच घेतली गेली होती. १९९३ सालीं स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनें कचरावेंचकांना कामगार म्हणून मान मिळवून दिला.

झारेकऱ्याचें कौशल्य व गलाईवाल्याची सचोटी या दोन्ही गोष्टी आजही हव्या आहेत. पण ज्या फुप्फुसांतून हें सोनें गाळलें जातें, त्यांचें मोल आतां हिशेबांत धरलें पाहिजे. सुशिक्षित कुटुंबाला त्यासाठीं करावयाचें तें थोडेंच आहे: जुनें यंत्र न फोडतां, न जाळतां, नोंदणीकृत संकलन-केंद्राकडे पोंचतें करावें.