'नक्षलग्रस्त' आणि 'निसर्गरम्य' यांच्या मधला प्रदेश

मराठी सिनेमात एखाद्या हवालदाराला किंवा कारकुनाला घाबरवायचं असेल, तर पटकथा लिहिणाऱ्याला फार डोकं चालवावं लागत नाही. 'गडचिरोलीला बदली करीन' एवढं वाक्य पुरतं. थिएटरात हशा पिकतो. तोच सिनेमा वडशात किंवा धानोऱ्यात बसून पाहणाऱ्याने तेव्हा नेमकं काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. त्याचं घर म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी शिक्षा.

दुसरा शब्द आहे 'नक्षलग्रस्त'. पाणी ओसरलं की गाव पूरग्रस्त राहत नाही, पाऊस झाला की दुष्काळग्रस्त राहत नाही. हा शब्द मात्र पंचेचाळीस वर्षं चिकटून बसला. १९८०च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून नक्षलवाद्यांची दलमं सिरोंच्याच्या बाजूला आली. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला. म्हणजे जिल्ह्याची पाटी लागायच्या आधीच तिथे युद्ध येऊन बसलं होतं.

ते युद्ध खोटं नव्हतं. १ फेब्रुवारी २००९ला मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाहेरीजवळ १७. २०१९च्या महाराष्ट्र दिनी जांभूळखेड्याला १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. दुसऱ्या बाजूलाही एकेका चकमकीत डझनांनी माणसं गेली. पोलिसांच्या सी-६० पथकात बहुतेक इथलीच पोरं, दलमांतही इथलीच. एकाच तालुक्यातली, कधी एकाच आडनावाची. आणि या दोघांच्या मधे ती माणसं, ज्यांना एका बाजूने 'खबऱ्या' ठरवून मारलं आणि दुसऱ्या बाजूने नक्षल्यांना भाकरी दिल्याच्या संशयावरून उचललं.

याला उतारा म्हणून हल्ली एक दुसरी गडचिरोली दाखवली जाते. ड्रोनमधून टिपलेलं हिरवं जंगल, भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांचा संगम, धुकं, मागे बासरी. चंद्रपूरच्या वाट्याला ताडोबातला वाघ. हे सगळं सुंदर आहेच, भामरागडचा संगम बघून गप्प न होणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण 'नक्षलग्रस्त' आणि 'निसर्गरम्य' या दोन्ही चित्रांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हींत माणसं नाहीत. एकात फक्त बळी आहेत, दुसऱ्यात फक्त झाडं. या मुलखाचं सौंदर्य आपोआप उगवलेलं नाही, बरंचसं कुणीतरी घडवलेलं आणि राखलेलं आहे. ते कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात तलावांपासून करू. नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या बाजूला फिरलात तर दर थोड्या अंतरावर एक तलाव लागतो. कमळं, बगळे, खाली भाताच्या बांध्या. फोटो काढताना वाटतं, काय निसर्ग आहे! पण हे तलाव निसर्गाने केलेले नाहीत. चंद्रपूरला गोंड राजांची सत्ता होती, १७५१मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ती संपवेपर्यंत. त्या राजवटीत एक पद्धत होती: जंगल साफ करून जो तलाव बांधेल, त्याला जमीन बक्षीस. या जमिनीला म्हणायचे तुकूम. (चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तिथल्या किती मुलांना हा अर्थ ठाऊक असेल?) १८६९मध्ये मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल लिहिला. त्याला वसूल मोजायचा होता, पण जिल्ह्याचा वसूलच अशा तलावांखालच्या भातावर उभा होता. पुढे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. ते खोदणारे हात मालगुजारांचे नव्हते, ही वेगळी गोष्ट.

मार्कंड्याचंही तसंच. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, तिथे काठावर दगडी देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७०च्या दशकात त्याची नोंद केली. 'विदर्भाचं खजुराहो' असं त्याला म्हणतात. मला हे विशेषण आवडत नाही, कारण त्यात मार्कंडा स्वतःच्या नावाने उभा राहूच शकत नाही. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. जत्रेला येणारे खजुराहोची आठवण काढत नाहीत.

इंग्रजांच्या कागदांत जंगलाच्या दोनच नोंदी ठळक होत्या: सागवान किती आणि बंडखोर कुठे. १८५८च्या एप्रिलमध्ये बाबुराव शेडमाके यांच्या माणसांनी तार खात्याचे दोन अधिकारी मारले. २१ ऑक्टोबर १८५८ला शेडमाकेंना चांद्यात फाशी झाली. जंगल म्हणजे धोका, ही कल्पना नक्षलवादाच्या शंभर वर्षं आधीची आहे. आणि सागवान तर आजही तितकंच हवंय. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३मध्ये चंद्रपूरहून लाकूड गेलं, तेव्हा मिरवणूक निघाली. आल्लापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आल्लापल्ली' नावाचा जुन्या झाडांचा जेमतेम ६ हेक्टरचा तुकडा राखला आहे. २०१४मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला.

आता त्याच सागाची दुसरी गोष्ट. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने घोटूल पुन्हा उभारायचं ठरवलं. घोटूल म्हणजे गोंड तरुण-तरुणींनी एकत्र यायची, गाणी-नाच-कामं शिकायची जागा. त्याला सागाचे खांब लावले. वनखात्याने लाकूड बेकायदा ठरवून ते पाडलं. गावाने पुन्हा बांधलं आणि आसपासच्या गावांनीही आपापले घोटूल बांधले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण खात्याच्या मते बांबू हे लाकूड होतं. गवत की लाकूड, या वादात दोन वर्षं गेली. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. याआधी कित्येक दशकं इथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. आपल्यातल्या अनेकांनी शाळेत त्या कागदावर 'माझा आवडता ऋतू' लिहिला असेल.

बाहेरचा माणूस इथलं झाड बघतो तेव्हा त्याला घनफूट तरी दिसतं नाहीतर वॉलपेपर. इथल्या बायकांना काय दिसतं, हे डॉ. राणी बंग यांनी विचारलं आणि त्यातून 'गोईण' हे पुस्तक झालं. गोईण म्हणजे मैत्रीण. कुठलं झाड बाळंतिणीला उपयोगी, कुठलं उपाशी दिवसांत पोट भरतं, कुठल्याशी काय नातं, असं सगळं. मोहाचं फूल पहाटे टपटप पडतं, ते वेचायला घरची माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्या वासाचं वर्णन करायच्या भानगडीत मी पडत नाही. त्या वासाबरोबर वर्षाचा हिशोबही असतो, एवढं ध्यानात ठेवा.

आणि मग झाडीपट्टीची नाटकं. ज्यांना वाटतं की गडचिरोलीत संध्याकाळी सहानंतर कुणी घराबाहेर पडत नाही, त्यांनी दिवाळीनंतर वडशाला यावं. वडसा म्हणजे देसाईगंज, अनेक वर्षं जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. हंगामात पन्नासेक नाटक कंपन्या इथून कारभार चालवतात. धान कापून झालं, हातात थोडा पैसा आला की गावोगावी मंडई, शंकरपट आणि रात्री नाटक. तिकीट काढून, मांडवात, ब्लँकेट गुंडाळून, पहाटेपर्यंत. पाहुणे आलेले असतात, दिवसा सोयरिकीची बोलणी होतात, रात्री सगळे एकाच मांडवात. मुळं दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांत आहेत, पण आजच्या नाटकात मेलोड्रामा, लावणी, मोबाइलवरचे विनोद, सगळं असतं. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला ते भडक वाटेल. वाटू दे. अनुदानाची वाट न पाहता तिकिटाच्या पैशावर जगणारी रंगभूमी राज्यात आणखी कुठे एवढ्या दमाने चालते? कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. हिंसेची सगळ्यात वाईट वर्षं चालू होती, तेव्हाही शेजारच्या तालुक्यात पडदा वर जात होता. बातम्यांत तो कधी आला नाही.

(झाडीपट्टी म्हणजे अख्खी गडचिरोली नव्हे, हेही सांगायला हवं. भामरागडचा माडिया माणूस वेगळी भाषा बोलतो, सिरोंच्यात बाजारात तेलुगू ऐकू येते.)

जगात असं नाव पडलेले प्रदेश बरेच आहेत. आपण 'व्हिएतनाम' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे हेलिकॉप्टर येतात. व्हिएतनामी लोक त्या लढाईला 'अमेरिकन युद्ध' म्हणतात. त्यांच्या लेखी व्हिएतनाम हे घराचं नाव आहे, आणि युद्ध बाहेरून आलेल्याच्या नावाने ओळखलं जातं.

ऑक्टोबर २०२५मध्ये भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. 'नक्षलग्रस्त' ही पाटी आता उतरेल असं दिसतंय. तिच्या जागी लावायची पाटी तयारच आहे: पोलादाचा जिल्हा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे, सुमारे ३४८ हेक्टरवर खाण चालते, कोनसरीला कारखाना उभा राहिलाय. तिथे नोकरी लागलेली स्थानिक मुलं आहेत आणि त्यांचा आनंद खोटा नाही. त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत आसपासच्या गावांतले लोक त्याच्या जत्रेला येतात. युद्धाने निदान डोंगर जागेवर ठेवला होता, असं कडवट बोलायचा मोह होतो. पण ज्यांची माणसं त्या युद्धात गेली त्यांच्यासमोर ते बोलवणार नाही.

मेलेल्यांची आठवण ठेवायच्या इथे तीन तऱ्हा आहेत. नक्षलवाद्यांनी आपल्या लोकांसाठी लाल रंगाची स्मारकं बांधली, ती पोलिसांनी पाडली. पोलिसांची शहीद स्मारकं आहेत, त्यांवर नावं आणि तारखा कोरलेल्या. आणि भामरागडच्या वाटेवर माडिया गावांच्या कडेला उभे दगड दिसतात, काही माणसाच्या उंचीचे, काही गुडघ्याएवढे. ते गावातल्या मृतांसाठी उभे केलेले. ही चाल अश्मयुगाच्या गोष्टींत शोभावी इतकी जुनी आहे आणि अजून चालू आहे. त्या दगडांवर काहीच लिहिलेलं नसतं. कुठला दगड कुणाचा, हे गावाला माहीत असतं.