देवगिरीचा कोट व त्याचा परिसर

भिल्लम यादवानें बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत देवगिरीस राजधानी केली, सन १२९६ त अल्लाउद्दीन खिलजीनें रामचंद्र यादवास जेर केलें, सन १३२७ चे सुमारास महंमद तुघलकानें या स्थळास दौलताबाद नांव देऊन दिल्लीचें बिऱ्हाड येथें हलविलें, आणि सन १६३३ त निजामशाहीकडून किल्ला मोंगलांचे हातीं गेला, हें सर्व वाचकांस विदितच आहे. किल्ल्याच्या भोंवतालची भूमि मात्र या यादीमुळें दृष्टीआड होते.

सुमारें २०० मीटर उंचीच्या एकाकी डोंगराचा तळ तासून कडा सरळ केलेला आहे. हें काम कोणाचें? वेरूळ जवळच, खडक एकाच जातीचा, तेव्हां लेणीं कोरणाऱ्यांच्या वंशजांनींच हा कडा तासला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु कैलास लेणें आठव्या शतकांतलें. मध्यें चार शतकें जातात. इब्न बतूता यानें चौदाव्या शतकाच्या मध्याचे सुमारास या तासलेल्या खडकाचें वर्णन केलें असून, वर जाण्याची चामड्याची शिडी रात्रीं ओढून घेत असें तो सांगतो. यावरून तासणी त्यापूर्वींची, इतकेंच सिद्ध होतें. ती यादवांचीच, हें एवढ्यावरून ठरवूं नये.

पायथ्याच्या नगरास पाणी लागे. तें डोंगरांतील तलावांतून खापरी नळांनीं आणीत. म्हणजे किल्ल्याची हद्द शोधावयाची तर तटाबाहेर नळांमागें गेलें पाहिजे. सर्वांत बाहेरचा अंबरकोट मलिक अंबराच्या नांवें ओळखला जातो. त्याच्या आंत आज गांव व शेतें आहेत. प्रेक्षक बालेकिल्ला चढून परततात आणि या तटाकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. बालेकिल्ल्यास रक्षण मिळालें म्हणून अंबरकोटाचा एकेक दगड गेला तरी चालेल, हें आम्हांस मान्य नाहीं. नगराचा विस्तार सांगणारा दुसरा तितका बोलका पुरावा जमिनीवर नाहीं.

हस्तलिखित-संग्राहकांशीं या परिसराचें निराळेंच नातें आहे. किल्ल्यापासून खुलताबादेकडे जातांना कागजीपुरा लागतो. तेथें हातकागदाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. मराठी दप्तरांत ‘दौलताबादी’ म्हणून येतो तो कागद याच भागांतला. मात्र हें कागदाच्या जातीचें नांव होय, लेखनस्थळाचें नव्हे. कागद दौलताबादी दिसला कीं पोथी देवगिरीस लिहिली, असें अनुमान काढणारे संग्राहक आढळतात. कागद बाजारांतून दूरवर जाई. पुण्याच्या कारकुनानेंहि त्यावर लिहिलें. स्थळनिश्चितीस पुष्पिकाच पाहावी.